न झालेल्या वादळाची नोंद

त्या मंगळवारी दुपारी पावणेचार वाजता आमच्या शहरात वादळ झाले नाही. न झालेल्या या वादळात एकेचाळीस झाडे पडली, शाळेच्या प्रयोगशाळेचे छप्पर शेजारच्या मैदानात जाऊन बसले, बसथांब्यावरचा दातांच्या डॉक्टरांचा फलक न्यायालयाच्या आवारात हजर झाला आणि माझे वडील गेले. पहिल्या तीन बाबींची चौकशी चालू आहे. चौथीची पूर्ण झाली.

निष्कर्ष एका ओळीचा होता. मृत्यूच्या दाखल्याला जोडलेल्या अहवालात 'कारण' या रकान्यात लिहिले होते: 'स्वच्छ व शांत हवामानात झाडाखाली विनाकारण थांबण्याचा निष्काळजीपणा.'

आईने ती ओळ दोनदा वाचली.

"निष्काळजी? हे? बाहेर पडताना गॅसचं बटण तीनदा बघणारा माणूस? आणि चौथ्यांदा बघायला मला जिना चढून परत पाठवणारा?" तिने कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "एवढं बदलून आण. बाकी मला काही नको."

म्हणून मी हवामान विभागात गेले. नोंद अधिकाऱ्यांच्या खोलीला मोठी खिडकी होती, पण तिच्यासमोर फायलींचे कपाट उभे होते. अधिकारी सज्जन होते. त्यांनी पाणी मागवले, दुःख व्यक्त केले आणि नोंदवही माझ्याकडे वळवली.

"आम्ही काही लपवत नाही. सकाळी साडेआठला हवा शांत. संध्याकाळी साडेपाचला वारा शून्य, हवा शांत. दिवसाची दोनच वाचनं असतात."

"वादळ पावणेचारला आलं होतं."

"तेच तर म्हणतोय मी. साडेपाचला आलं असतं तर स्वतः गच्चीत उभं राहून नोंदवलं असतं."

"साडेपाचला तुमच्या गच्चीत यंत्रच नव्हतं, साहेब. उडून गेलं होतं."

"म्हणूनच शून्य आलं ना!"

"मग यंत्र कशानं उडालं?"

"ते तपासाधीन आहे." त्यांनी पेनाला टोपण लावले. "वाऱ्यानं नाही, एवढं मात्र नक्की. वारा शून्य होता."

मग त्यांनाच माझी दया आली असावी. नेमक्या त्या वेळेचे दुसऱ्या कोणत्याही यंत्रावरचे वाचन मिळाले तर विचार करता येईल, असे ते म्हणाले. असे वाचन शहरात एकाच ठिकाणी होते. बाबांच्या विद्यार्थ्यांकडे.

बाबा भूगोल शिकवत. निवृत्तीनंतर दर रविवारी सकाळी पाच-सहा मुले आमच्या गच्चीत जमायची आणि बाबा त्यांना ढग दाखवायचे. "ढगाकडे बघा, पण आधी आपण कुठे उभे आहोत ते बघा," हे त्यांचे नेहमीचे वाक्य. मुलांनी त्यातला पहिला अर्धा भाग मनापासून घेतला. महाविद्यालयात जाईपर्यंत त्यांच्याकडे पाठीवर वीज छापलेली सहा जाकिटे, टपावर तीन वाट्यांचे वारा मोजायचे यंत्र बसवलेली एक जुनी व्हॅन आणि 'वादळाच्या मागावर' नावाचे चॅनेल होते. त्यांची म्होरकी डॉप्लर. आवाजावरून गाडी येते आहे की जाते आहे, हे ती डोळे मिटून सांगायची. तिच्या उजव्या हाताला कमी दाब नावाचा मुलगा, जो बसेल तिथे झोपायचा. पाऊस येतोय असे यांच्यापैकी कोणी म्हणत नसे; सिस्टम तयार होत असे. एकदा आईने कमी दाबाला विचारले, कपडे वाळत घालू का रे? त्याने बराच वेळ मोबाइल पाहून 'अनिश्चितता चाळीस टक्के' असे सांगितले, तोवर कपडे भिजले होते.

त्या मंगळवारी त्यांनी व्हॅन त्या झाडाखाली लावली होती, कारण तिथून फ्रेम चांगली मिळत होती. बाबा सायकलवरून त्यांना तिथून काढायला गेले. मुले निघाली; व्हॅनच्या मागच्या काचेतून कॅमेरा झाडाकडे रोखून चालूच होता. यंत्राचा एक स्टँड तिथेच राहिला होता. तो न्यायला यांच्यातले कोणीतरी परत येईल, म्हणून बाबा स्वतःच तो उचलायला मागे थांबले. अहवालात 'विनाकारण' हा शब्द आला तो इथे.

डॉप्लर घरी आली ती व्हॅनवरच्या यंत्राचे वाचन घेऊनच. तीन वाजून सेहेचाळीस मिनिटे, ताशी एकशेसात किलोमीटर. सोबत अकरा मिनिटांचा व्हिडिओ.

तो पाहून झाल्यावर मी विचारले, "यात बाबांचा आवाज कुठे आहे?"

"सर सारखे ओरडत होते ना ताई, 'निघा, निघा' म्हणून. त्यामुळे वाऱ्याचा आवाज स्वच्छ येत नव्हता. काढावा लागला." तिचे डोळे भरून आले. "पण शेवटी 'सरांना समर्पित' टाकलंय. सबस्क्राइबच्याही वर."

अधिकाऱ्यांनी वाचनाचा कागद उजेडात धरून पाहिला.

"उत्तम वाचन आहे. आमच्या यंत्राला हे कधी जमलं नसतं. ही मुलं मान्यताप्राप्त आहेत?"

"नाहीत."

"मग त्यांनी वारा मोजलेला नाही. फक्त वाऱ्यात उभी होती."

यावर उपाय होता. उपाय नाही असे या कार्यालयात कधीच होत नसे. मुलांनी मान्यता घ्यायची. त्यासाठीचा अर्ज चौदा पानांचा होता. वादळाचा प्रस्तावित मार्ग नकाशावर दाखवायचा होता. वादळ सुरू होण्याच्या किमान पंधरा दिवस आधी लेखी सूचना द्यायची होती. पाठलाग करताना वादळाच्या पुढे जाणार नाही, अशी हमी द्यायची होती. वादळच मागे वळले तर वाट कोणी कोणाला द्यायची, याला एक स्वतंत्र परिशिष्ट होते. मुलांनी सगळे भरले. मग तळघरातल्या खोलीत नऊ दिवसांचे प्रशिक्षण झाले, म्हणजे आकाशाची चित्रे पडद्यावर दाखवण्यात आली. परीक्षेत प्रश्न होता: वादळ दिसल्यास प्रथम काय कराल? 'वरिष्ठांना कळवून लेखी उत्तराची वाट पाहीन' असे लिहून डॉप्लर पहिली आली. कमी दाब नऊही दिवस झोपला होता. त्याला संयमासाठी विशेष प्रशस्तिपत्र मिळाले.

या काळात मी संध्याकाळी घरी आले की आई दारातच विचारायची, "झालं का गं वादळ?"

"अजून नाही, आई. पुढच्या आठवड्यात होईल म्हणतात."

समोरच्या काकू हे ऐकून आधी आमच्याकडे आणि मग आभाळाकडे बघायच्या.

ओळखपत्रे मिळाली त्या दिवशी मी साक्षीचा फॉर्म घेऊन डॉप्लरकडे गेले. जाकिटावरच्या विजेवर आता विभागाचे बोधचिन्ह शिवले होते. तिने फॉर्म नीट वाचला आणि हळूच परत माझ्याकडे सरकवला.

"ताई, कार्डावरची तारीख बघा ना. आजची आहे. त्या दिवशी आम्ही अमान्यताप्राप्त होतो. अमान्यताप्राप्त व्यक्तीचं निरीक्षण आम्हाला ग्राह्य धरता येत नाही. कलम सहा."

"अगं, ती अमान्यताप्राप्त व्यक्ती तूच ना?"

"म्हणून तर जास्त काळजी घ्यावी लागते. स्वतःलाच झुकतं माप दिलं असं होईल. कार्ड जाईल, ताई. सगळ्यांचं जाईल." ती खरोखरच कळवळली होती. "सही सोडून काहीही सांगा. आम्ही सरांच्या नावानं व्याख्यानमाला सुरू करू. विषय पण ठरलाय, 'वादळ आणि सुरक्षितता'."

खोलीच्या कोपऱ्यात तो स्टँड उभा होता. त्याच्यावर कमी दाबाने जाकीट टांगले होते.

अधिकाऱ्यांना मी हे सांगितले तेव्हा त्यांना मुलीचे कौतुक वाटले आणि माझे वाईट वाटले. त्यांनी कपाटातून एक पातळ पुस्तिका काढली. तिच्यात लोकसाक्षीचे कलम होते: एक हजार नागरिकांनी वादळ सलग तीन मिनिटे पाहिले असल्यास वादळ झाले असे समजण्यात येईल.

मी आमच्याच जिन्यापासून सुरुवात केली.

"वादळ होतं तर!" समोरचे काका म्हणाले. "आमच्या दोन काचा गेल्या. पण आम्ही पडदे ओढून आतल्या खोलीत बसलो होतो, त्यामुळे पाहिलं असं कसं म्हणणार?"

"काका, ऐकलं असं तरी लिहा."

"लिहायचं कशाला? आपल्याला माहीत आहे ना, झालं मग. तुझे बाबा देवमाणूस होते."

चार मजल्यांवर मिळून सात जणांनी वडिलांना देवमाणूस म्हटले. सही कोणी केली नाही.

व्हिडिओ आठवला तो आईला. "त्या पोरांचा व्हिडिओ किती जणांनी बघितलाय गं?"

मी फोनवर आकडा पाहिला. बारा लाख चाळीस हजार.

"बारा लाख?" आई कितीतरी दिवसांनी हसली. "मग झालंच की वादळ!"

अधिकाऱ्यांनाही तसेच वाटले. नियमात 'प्रत्यक्ष' हा शब्द नाही, हे त्यांनी स्वतः शोधून काढले आणि व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपनीकडून कोणी किती वेळ पाहिले याचा तपशील मागवला. एक हजार नागरिक हवे होते, बारा लाख होते. व्हिडिओखालच्या प्रतिक्रियांत हात जोडलेली आणि रडणारी चित्रे तर मोजता येत नव्हती. मी दाखल्याची नवी प्रत ठेवायला पाकीटही आणून ठेवले.

तपशील तीन आठवड्यांनी आला. अधिकाऱ्यांनी तो मला स्वतः वाचून दाखवला, एकेक आकडा सावकाश. व्हिडिओ पूर्ण पाहिला गेला तो फक्त तेवीस वेळा. सलग तीन मिनिटे पाहणारेसुद्धा शंभरच्या आत. उरलेल्या सर्वांनी तो सात मिनिटे चौदा सेकंदांपासून सुरू केला आणि सात मिनिटे एकतीस सेकंदांना बंद केला. तिथे काय आहे हे कोणीतरी पहिल्याच प्रतिक्रियेत वेळेसकट लिहून ठेवले होते, ज्यांना घाई असेल त्यांच्यासाठी.

"सतरा सेकंद," अधिकारी म्हणाले. "आमच्या कोष्टकात सतरा सेकंदांच्या वाऱ्याला झुळूक म्हणतात. माझा नाइलाज आहे."

"आणि ते तेवीस?"

"त्यातले एकोणीस एकाच पत्त्यावरून आहेत." त्यांनी कागद खाली ठेवला. "तुमच्या. शिवाय नातेवाईक चालत नाहीत."

मला ठाऊक नव्हते. आई दुपारी फोन घेऊन बसायची तेव्हा मावशीशी बोलत असेल असे मला वाटायचे. घरी येऊन मी विचारले.

"चौथ्या मिनिटाला कडेनं यांची सायकल जाते," ती म्हणाली. "तेवढीच. आणि शेवटी नाव येतं."

"आणि मधलं?"

"मधलं मी डोळे मिटून घेते."

सुधारित अहवाल टपालाने आला. विभागाने शब्द पाळला होता, ओळ बदलली होती. 'स्वच्छ व शांत हवामानात, किरकोळ झुळुकीत, झाडाखाली विनाकारण थांबण्याचा निष्काळजीपणा.' आईने ती वाचली आणि कागद गॅसच्या शेगडीशेजारी ठेवला. त्यानंतर तिने मला वादळाबद्दल कधी विचारले नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तो व्हिडिओ पाहिला असेल; बारा लाख हा आकडा काही लहान नाही. कितव्या मिनिटापासून पाहिलात, असे मी विचारणार नाही. त्या दिवसाची तेवढी एकच नोंद विभागाकडे बिनचूक आहे. आणि ज्यांनी अजून पाहिलेला नाही, पण आता शोधणार आहेत, त्यांना त्रास नको म्हणून नेमकी वेळ वर दिलीच आहे.