हक्कसोडवाल्याची लेक

पासपोर्टच्या चौकशीला हवालदार भाईदास दारात आला, तेव्हा रुपचंदभाऊंच्या ओट्यावर अकरा बायका बसल्या होत्या आणि अकराही एकदम बोलत होत्या.

चूक भाऊंचीच. पारोळ्याच्या कचेरीबाहेर टेबल टाकून ते दस्त लिहीत. त्यातही हक्कसोड पत्रात त्यांचा हात धरणारा तालुक्यात नव्हता. बहिणीने बापाच्या जमिनीतला हक्क राजीखुशीने भावाला सोडला, हे ते इतक्या गोड भाषेत लिहीत की वाचून दाखवताच बहिणीला रडू येई आणि रडता रडताच ती अंगठा देई. लेक कुंदा मात्र जळगावच्या विद्यापीठात कायदा शिकता शिकता पाड्यांवरच्या लोकांचे अर्ज लिहीत हिंडे. चौऱ्याण्णव साली तिला हॉलंडहून पत्र आले. मानवी हक्कांचा अभ्यासक्रम, एक वर्ष, खर्च त्यांचा. भाऊंनी पत्र टेबलाच्या काचेखाली सारले आणि येईल त्याला सांगितले, "आमची कुंदा हक्क शिकायला परदेशी चालली!" 'मानवी' म्हणताना वेळ जातो म्हणून तो शब्द गाळला. दस्तात त्यांनी असे कधी केले नसते.

सोमवारी दस्ताला आलेल्या मंजुळाबाईने शाईतला अंगठा हवेतच धरला.

"भाऊ, तुम्हनी पोर हक्क शिकाले परदेस जाई ऱ्हायनी, आनि आम्हले सोडाले लावतस?"

"अक्का, तो हक्क वेगळा."

"वेगळा कसा? मी मानूस नही का?"

तिने अंगठा पदराला पुसला. बुधवारपर्यंत सात दस्त अंगठ्याविना परतले, आणि गुरुवारी बायका कुंदालाच विचारायला घरी आल्या.

आता हवालदाराने वही काढली. भाऊंनी मनात हिशेब मांडला: शेरा वाईट पडला तर पासपोर्ट गेला, पासपोर्ट गेला तर हॉलंडही गेले.

"हा मोर्चा कोणाचा?"

"पाहुण्या आहेत, साहेब."

"हक्क पाहिजे!" पाहुण्या म्हणाल्या.

"अर्जदार तुम्हीच का, ताई? चळवळीबिळवळीत आहात?"

"आहे," कुंदा म्हणाली. "यांना बापाच्या जमिनीतला लेकीचा वाटा समजावतेय. बसा ना, तुम्हीही ऐका."

भाऊंनी डोळे मिटून घेतले. पण कान उघडे होते. पोरगी कलमामागून कलम सांगत होती, कागदाकडे न बघता. भीती होतीच, पण छाती मात्र फुगत गेली.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उठली. "भाईदास? तू आठे?"

हवालदाराची सख्खी बहीण, बेबाबाई. बापाच्या जमिनीतला हक्क भाईदासला सोडण्याचा तिचा दस्त उद्याचा होता.

ती रुपचंदभाऊंकडे वळली. "उद्या मी येत नही, भाऊ. आते माले बठ्ठं समजी गयं."

हवालदाराने उभ्याउभ्याच शेरा लिहिला. भाऊंनी त्याच्या खांद्यावरून वाचला:

"अर्जदार हुशार व निर्भीड. हरकत नाही. पासपोर्ट तातडीने द्यावा. जितके लांब पाठवता येईल तितके बरे."

भाऊंनी चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग अगदी हळू आवाजात विचारले,

"साहेब, याची एक खरी नक्कल मिळेल का? काचेखाली ठेवतो."