गाडीचा अर्थ लागत नाही

मानवी संस्कृती वीज आणि रंग या दोन खांबांवर उभी आहे. मात्र एक खांब दुसऱ्यावर चढवला, की संस्कृती ढकलत घरी आणावी लागते.

सेवानिवृत्त प्राध्यापकांनी (गल्लीत नुसते 'सर') वडिलांची जुनी मोटार नव्याने उभी केली, तेव्हा हा सिद्धान्त त्यांना ठाऊक नव्हता. पत्रा उघडा करून, गंज काढून, तिला असा काळाभोर रंग चढवला होता, की समोर उभे राहून दाढी करावी. सर कधीकधी करतही. (रंगावर थेंब उडू नये म्हणून कोरडी.)

गाडी सुरू व्हायची. त्यापुढे मात्र तिला स्वतःची मते होती. ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मिचमिचायचा आणि हॉर्नचा घसा बसायचा. दिवे लावले की वायपर अर्ध्या काचेवर येऊन विचारात पडायचा. उजवीकडे वळताना छताचा दिवा लागायचा. त्यामुळे कोण वळतेय हे तरी मागच्यांना कळायचे.

दुरुस्ती तातडीची होती, कारण आई. कोणे एके काळी या गाडीला धाकट्या मावशीने चारचौघांत 'खटारा' म्हटले होते. आईने तो शब्द दागिन्यासारखा जपला होता. रविवारी मावशीकडे जेवण होते, आणि याच गाडीतून, हॉर्न वाजवत तिच्या दारात थांबायचे, असे आईने जाहीर केले होते.

वायरमन आला. रीतीप्रमाणे त्याने आधी फ्यूज बदलले, मग स्विच, मग वायरी, मग हॉर्न. बदलण्यासारखे फक्त सर उरले, तेव्हा तो म्हणाला, "सर, अर्थ लागत नाहीये."

सरांनी हयातभर कविता शिकवल्या होत्या. अर्थ न लागण्याची त्यांना धास्ती नव्हती. "कशाचा?"

"गाडीचा. वायरींची टोकं बोल्टनं पत्र्याला आवळलीत, पण मधे तुमचा रंग. करंट पत्र्यातूनच बॅटरीकडे परत जातो, तो आता जाणार कुठून? मग तो भलत्याच दिव्यातून वाट काढतो. डॅशबोर्डखाली नाण्याएवढा रंग खरवडू का?"

"खरवडू?" सर म्हणाले आणि मिळेल त्या स्टुलावर बसले.

त्यानंतर सरांनी प्रश्नाचा सर्व बाजूंनी विचार केला (खरवडण्याची बाजू वगळून). बॅटरीपासून वेगळी वायर टाकावी, तर मूळ गाडीत ती नव्हती. सबब, दोष गाडीत नसून चालवणाऱ्याच्या सवयीत आहे, असे एकमताने ठरले. (मत एकच होते.) पाऊस असल्यास दिवे लावू नयेत, अंधार असल्यास पावसात जाऊ नये, आणि वळताना शेजारी बसणाऱ्याने हात बाहेर काढावा, अशी नियमावलीही सिद्ध झाली.

रविवारी आई ठेवणीतली साडी नेसून बाहेर आली. "हॉर्न?"

"वाजतो. फक्त ब्रेकवर पाय नको."

"मग दारात थांबणार कसा?"

"थांबलो तर वाजणार नाही. पण मावशीच्या दारावरून वाजवत पुढे जाता येईल."

"आणि मी काय उडी मारू?"

सर रुमालाने बॉनेट पुसू लागले.

"अरे, खरवड ना एवढासा! डॅशबोर्डखाली वाकून कोण बघतंय?"

"मला माहीत असेल ना, आई."

"तुझे बाबा ही गाडी चालवायचे," आई पायऱ्या उतरत म्हणाली. "तू नुसती पुसतोस."

आई बसने गेली. बस जागोजागी चेपलेली होती आणि तिचा हॉर्न वाजत होता.

वाचकांना हसू येत असल्यास हरकत नाही. फक्त टीव्हीच्या रिमोटवरची प्लास्टिकची पिशवी आधी काढावी.