फिटरअण्णा आणि लेकीची ब्रा

सकाळची वेळ. नळाला पाणी आलेलं, गल्लीतल्या सगळ्या बायका दारात. अशा वेळी फिटरअण्णांनी आपल्या कट्ट्यावरून मला हाक मारली आणि विचारलं, "वैनी, पोटुशी बाईची बॉडी कुठल्या दुकानात चांगली मिळती?"

बॉडी म्हणजे ब्रा. आमच्याकडच्या जुन्या माणसांचा हा शब्द. समोरच्या काकूंची कळशी भरून वाहायला लागली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. दोन मुली तोंडात ओढणी कोंबून घरात पळाल्या. अण्णा मात्र उत्तराची वाट बघत शांत उभे. त्यांनी जणू नटबोल्टाचं दुकान विचारलं होतं.

अण्णांचा सगळा जन्म साखर कारखान्यात फिटर म्हणून गेला. मिलच्या धडधडाटानं कान मंद झाले आणि आवाज कायमचा मोठा. जगातल्या सगळ्या दुखण्यांचं त्यांचं निदानही एकच, फिटिंग. चप्पल चावली, फिटिंग चुकलं. कुणाचा संसार मोडला, फिटिंग चुकलं. माझा मुलगा गणितात नापास झाला तेव्हा म्हणाले, "पोराचा दोष न्हाय, मास्तराचं फिटिंग चुकलंय." मी स्वतः शाळेत गणित शिकवते, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

त्यांची बायको, मालूकाकी, काही वर्षांपूर्वी आजारपणात गेली. एकुलती लेक सुजाता लग्न होऊन पुण्याला. ती पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात माहेरी आली, पण त्या घरात आई नव्हती. जे आईनं करायचं ते अण्णा करायला लागले. डिंकाचे लाडू वळले. ते एवढे कडक झाले की अण्णांनी स्वतःच एक हातोडीनं फोडून खाल्ला. दवाखान्यात दर खेपेला बरोबर गेले आणि तिथं एवढ्या मोठ्यानं प्रश्न विचारले की बाहेर बसलेल्या बायकांना फुकट सल्ला मिळाला.

सुजू मात्र त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची. अण्णा दहा वाक्यं बोलायचे, ती 'हूं' म्हणायची. बापाच्या आवाजाची पोरीला लाज वाटत असेल, असं आम्ही समजत होतो.

आता हे ब्राचं प्रकरण. सुजू सारखी खांदा चोळते हे अण्णांनी पाहिलं होतं. पट्ट्यांचे वळ उठले होते. "फिटिंग चुकलंय," त्यांनी गल्लीला सांगितलं. मी म्हटलं, मी घेऊन जाते तिला. ते म्हणाले, मी पण येतो.

राजारामपुरीतल्या दुकानात आम्ही तिघं गेलो. सुजू गाऊन बघायचं निमित्त करून कोपऱ्यात सरकली. काउंटरवरची मुलगी आधी गोंधळली, मग अण्णांच्या प्रश्नांना उत्तरं देण्यात रंगून गेली. तार नको, सुती हवी, तिनं सांगितलं. खालच्या पट्ट्यात दोन बोटं सहज जायला हवीत, आणि वजन खांद्यावर नाही, त्या पट्ट्यावर आलं पाहिजे. दिवस भरत येतील तेव्हा एकदा परत माप घ्या, कपात थोडी जागा ठेवून पाजायची ब्रा घ्या, दूध उतरलं की माप आणखी बदलतं.

अण्णांनी इलॅस्टिक मशीनचा पट्टा ओढावा तसं ओढून बघितलं. पाजायच्या ब्राचा खटका डोळे मिटून डाव्या हातानं उघडून बघितला. "एका हातात पोर असणार. उघडाय यायला पायजे," ते म्हणाले. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या बायका हसायला लागल्या. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंना मात्र ते खपलं नाही. पुरुषमाणसानं इथं कशाला यायचं, असं त्यांनी तोंडावर विचारलं.

"पोरीला आई न्हाय," अण्णा म्हणाले.

त्या बाई जरा सरकल्या आणि बाकावर अण्णांसाठी जागा केली. सुजूनं तेव्हा पहिल्यांदा वडलांकडं नीट बघितलं.

मुलगी झाली. सगळं नीट पार पडलं. बारशाला पुण्याची मंडळी आली. सुजू रेशमी साडी नेसली आणि ब्लाउज नीट बसावा म्हणून तिनं आपली जुनी, तारेची ब्रा घातली. ती घट्ट होत होती. पाहुण्यांच्या गर्दीत सुटं व्हायला सवड मिळाली नाही, पाजणंही मागं पडत गेलं. त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी माझं दार वाजलं. दारात अण्णा होते, आणि इतक्या हळू बोलत होते की मला पुढं वाकावं लागलं.

"वैनी, जरा येता? पोरगी एका अंगालाच पाजतीया. दुसऱ्या अंगाला बाळाला धरू देत न्हाय. इचारलं तर सांगंना."

मी गेले. सुजूनं आधी काही नाही म्हटलं, मग माझा हात धरून छातीवर ठेवला. एका बाजूला सुपारीएवढी कडक गाठ होती. वरची कातडी लाल, अंग कोमट. आम्ही रिक्षा केली. रिक्षात अण्णा ड्रायव्हरशेजारी बसले आणि सारखे वळून सुजूकडं बघत राहिले. बाळाला मी घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि दाराशी येऊन सांगितलं की काळजीचं नाही, दूध अडकलंय. तारेची ब्रा दाबून बसली असेल. घट्ट काही घालू नका, त्या बाजूनं पाजणं थांबवू नका, शेकायला नको, गार पट्टी ठेवा. ताप वाढला किंवा गाठ उतरली नाही तर लगेच या.

अण्णांनी विचारलं, "दुसरी कसली गाठ न्हाय न्हवं?"

नाही, त्या म्हणाल्या. अण्णांनी तेच परत विचारलं. त्यांनी परत नाही म्हटलं. तसे अण्णा बाकावर बसले आणि दोन्ही हातांत तोंड घेऊन रडायला लागले.

मी शेजारी बसले. ते जमिनीकडं बघत बोलायला लागले.

"मालूनं मला सांगितलं होतं, वैनी. भाकरी थापत होती. म्हणाली, छातीत हाताला गाठ लागतीया. मी पेपर वाचत होतो. म्हटलं, बायकांचं बायकांत बघा की. परत तिनं विषय काढला न्हाय. वरीस गेलं. कळलं तवा डॉक्टर म्हणाला, लई उशीर केलासा."

मालूकाकीला कॅन्सर होता हे गल्लीला माहीत होतं. तो उशिरा कळला हेही माहीत होतं. हे माहीत नव्हतं.

सुजू तपासणीच्या खोलीच्या दारात उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक. ती येऊन वडलांच्या दुसऱ्या बाजूला बसली.

"आई मला पण बोलली होती," ती म्हणाली. "म्हणाली, अण्णांना सांगितलंय, बघतील ते. मी तवा हॉस्टेलात. मला वाटलं तुम्ही दाखवून आणलं असंल. मी परत इचारलंच न्हाय, अण्णा. एवढी वर्सं तुमच्यावर राग धरला. म्हटलं, ह्यांना ठावं होतं आणि ह्यांनी काय केलं न्हाय. पण ठावं तर मला पण होतं."

अण्णांनी तिच्याकडं बघितलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो तिनं बराच वेळ काढला नाही.

तेवढ्यात बाळ रडायला लागलं. सुजूनं माझ्याकडून घेतलं आणि तिथंच, बाकावर, दुखऱ्या बाजूला लावलं. कळ आली तसे तिनं दात आवळले. माणसं येत-जात होती. अण्णा उठले, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि तिच्याकडं पाठ करून, टॉवेल दोन्ही हातांनी पसरून पुढं उभे राहिले. बाळाचं पोट भरेपर्यंत ते तसेच उभे होते.

गाठ विरघळली. बाळाला तिसरा महिना लागला तशी सुजू पुण्याला गेली.

आता संध्याकाळी तिचा फोन येतो. अण्णा कट्ट्यावर येऊन बोलतात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. नातीचं नंतर विचारतात. आधी एकच, "कुठं दुखतंय का तुझं? खरं सांग." आणि पलीकडून उत्तर येईपर्यंत दाराची चौकट धरून उभे राहतात.