मोहाच्या झाडाखालचा ट्रक

मुलांनो, हाताची घडी घाला. तोंडावर बोट ठेवलं नाहीत तरी चालेल, मध्ये मध्ये हसावं लागेल.

आधी एक कबूल करते, म्हणजे नंतर कुणी बोलून दाखवायला नको. आमच्या बाल्कनीत एक बंद घरघंटी आहे. बंद पडली असं नाही, मी घेतली तेव्हाच बंद होती. 'जरा साफसूफ केली की घरच्या घरी ताजं पीठ,' असं मला वाटलं होतं. सध्या तिच्यावर कोरफडीची कुंडी आहे आणि पीठ आम्ही कोपऱ्यावरच्या गिरणीतून आणतो. तेव्हा पुढे गोष्टीत कुणी मूर्खपणा केला, तर त्याला नावं ठेवायचा हक्क मला नाही. तुम्ही ठेवा.

तर घाटाच्या पायथ्याशी एका जंगलात कालिंदी नावाची अस्वलीण राहायची. वय मध्यम, अंगाने भरलेली, आणि डोक्यात सतत काहीतरी शिजत असलेली. तिच्या नवऱ्याचं नाव वामनराव. वामनराव फार कमी बोलायचे. लग्नात उखाण्याचा आग्रह झाला, तेव्हा त्यांनी 'कालिंदी' एवढंच म्हणून घास भरवला होता.

कालिंदीच्या गुहेसमोर एक मोहाचं झाड होतं. तिच्या आईने ते तिला दिलेलं. फाल्गुन सरत आला की पहाटेपासून त्याची फुलं टपटप गळायची. गोड, रसरशीत. करवंदं पिकेपर्यंत दोघांचं पोट त्या फुलांवर भरायचं. झाडाच्या एका अंगाला ओढा होता, तिकडची फुलं पाणी घेऊन जायचं. दुसऱ्या अंगाला सपाट जागा होती, तिथली कालिंदी गोळा करायची.

जंगलात या बाबतीत नियम होता. फूल फांदीवर आहे तोवर झाड ज्याचं त्याचं. गळलं, की ज्याच्या वस्तूत पडलं त्याचं. मोकळ्या जमिनीवर पडलं, तर जमीनवाल्याचं. एकदा एक भेकर दुसऱ्याच्या झाडाखाली तोंड उघडं टाकून झोपलं होतं. तोंडात फूल पडलं. मोठं भांडण झालं. पंच बसले आणि तोंड भेकराचं, म्हणून फूलही भेकराचं, असा निकाल लागला. भेकराने ते तोवर गिळलंही होतं, पण निकाल तो निकाल.

हे लक्षात ठेवा. मी परत सांगणार नाही.

एकदा कालिंदी मधासाठी डबा आणायला नरहरशेठकडे गेली. नरहरशेठ म्हणजे तरस. त्याचा भंगाराचा धंदा. माणसांनी टाकलेलं आणि वाघाने उरवलेलं, दोन्ही नरहरशेठकडे जमा व्हायचं. डबा बघता बघता तिला मागे एक ट्रक दिसला. माणसांनी घाटात सोडून दिलेला. टपावर गवत उगवलं होतं. मागच्या फळीवर 'वेगमर्यादा चाळीस' असं रंगवलं होतं, आणि ट्रक ती मर्यादा काटेकोर पाळत होता.

कालिंदी केबिनमध्ये चढली. स्टेअरिंग धरलं. हॉर्न दाबला. हॉर्नमधून एक पाल बाहेर आली, काय पाहिजे अशा नजरेने बघून परत आत गेली.

झालं. कालिंदीचा जीव जडला.

तिची बहीण घाटापलीकडे दिलेली होती. वर्षानुवर्षं भेट नव्हती. कालिंदीला काचेतून तो सगळा घाट मागे पळताना दिसायला लागला. काच नव्हती, पण तरीही.

"चालतो का हा?" तिने विचारलं.

"न चालायला काय झालंय?" नरहरशेठ म्हणाला. "फक्त बॅटरी उतरलीय. एक धक्का दिला की सुटलाच."

"इंजिन आहे ना आत?"

"वहिनी, इंजिनाशिवाय ट्रक कोण विकतं?"

हे काही उत्तर नव्हतं. पण कालिंदीला ते उत्तरच वाटलं.

"काय घ्याल?"

नरहरशेठने जरा आकाशाकडे बघितलं. "तुमच्याकडून काय घ्यायचं. ते मोहाचं झाड आणि त्याखालची जमीन द्या."

आता हसू नका. घरघंटीला काय मोजलं ते मीही घरात सांगितलेलं नाही.

कालिंदी घरी आली. वामनराव मुंग्या खात होते.

"अहो, एक ट्रक आहे. घेऊ या का?"

"चालतो?"

"चालवू की. दुरुस्त करायचा. त्याला प्रोजेक्ट म्हणतात."

"काय मागतोय?"

"मोहाचं झाड."

वामनराव बराच वेळ चावत राहिले. "आणि मग आपण खायचं काय?"

"ट्रक झाला की घाटापलीकडून काहीही आणता येईल. तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, आधी मुंग्या संपवाव्यात."

याला कालिंदी 'ते नाही म्हणाले नाहीत' असं धरून चालली. सगळ्याच बायका असं धरून चालतात.

मग ती माकडांकडे गेली. माकडांना सहलीला आलेल्यांचा एक मोबाईल सापडला होता. त्यावर जुन्या गाड्या नव्या करण्याचे व्हिडिओ लागायचे. सुरुवातीला गंजाचा ढीग. मग एक हात फडक्याने पुसतो. मग ठिणग्या. मग गाणं. आणि चहा उकळायच्या आत गाडी आरशासारखी लखलखीत. मधली वर्षं आणि मधली भांडणं कापून टाकलेली असतात, हे व्हिडिओत सांगत नाहीत.

"बघ, किती सोपं आहे," माकडं म्हणाली. त्यांनी आजवर एकही गाडी दुरुस्त केली नव्हती. पण व्हिडिओ खूप बघितले होते.

शेजारची घोरपडवहिनी म्हणाली, "घे बाई. दारात गाडी असली की माणसाला वजन येतं."

"पण चालत नाही ना ती."

"दारात असण्याशी मतलब. आमचं दारही चालत नाही."

शेवटी कालिंदीने साळिंदर मिस्त्रीला नेलं. मिस्त्री ट्रकखाली शिरला. बाहेर नुसते काटे दिसत होते. आतून ठोकल्याचा आवाज आला, मग काहीतरी पडल्याचा, मग शांतता.

"इंजिन आहे का?" कालिंदीने वाकून विचारलं.

"आहे. बरंचसं आहे."

"होईल का दुरुस्त?"

"होऊन जाईल."

"कधीपर्यंत?"

"सामान आलं की."

"सामान कधी येईल?"

"सांगितलं की."

"मग सांगा ना कुणाला तरी."

"कुणाला सांगायचं तेच बघतोय," मिस्त्री म्हणाला आणि खालीच जरा आडवा झाला.

मुलांनो, वाघाची डरकाळी ऐकली की पळावं, हे तुम्हाला माहीत आहे. 'होऊन जाईल' ऐकलं की त्याहून जोरात पळावं. पण कालिंदी पळाली नाही. तिला रात्रंदिवस दोन्ही बाजू पटायच्या. सकाळी वाटायचं, आईचं झाड कसं द्यायचं. दुपारी वाटायचं, ट्रक असता तर एव्हाना बहिणीकडे पोचलो असतो.

नरहरशेठने तिची उलघाल ओळखली. "वहिनी, घाई नाही," तो म्हणाला. "दारात ठेवून बघा. नाही पटला तर परत."

दसरा तोंडावर आला होता. नरहरशेठने तो बघूनच हे सुचवलं, हे कालिंदीच्या लक्षात आलं नाही. कारण त्या जंगलात दुसरा एक नियम होता. दसऱ्याला ज्याने गाडीला हार घातला, गाडी त्याची. कागद नाही, सही नाही. हार पडला की व्यवहार झाला.

ट्रक आणायला गवे बोलावले. गव्यांना ढकलायचं काम छान जमतं. सकाळपासून ढकलत, चढ चढवत त्यांनी ट्रक कालिंदीच्या दारात आणला. सपाट जागा एकच होती, मोहाखालची. तिथे लावला. चाकं मातीत बसली, ट्रकने एक सुस्कारा सोडला आणि जणू कायमचा टेकला.

दसऱ्याच्या सकाळी सगळं जंगल सजलं. मिस्त्रीने पान्याला हळदकुंकू वाहिलं. सुतारपक्ष्याने आपल्याच चोचीची पूजा केली. मोबाईललासुद्धा झेंडू लागला. आणि कालिंदीच्या दारात तो ट्रक उभा. ओकाबोका. सणाच्या दिवशी.

कालिंदी झेंडूचा हार घेऊन बाहेर आली.

"हार घालतेस?" वामनरावांनी विचारलं.

"घालत नाही. नुसता अडकवते. बरं दिसत नाही हो."

तिने हार आरशाला अडकवला. नारळही फोडला, हाताशी होता म्हणून.

घोरपडवहिनीने कुंपणावरून बघितलं आणि दुपारपर्यंत ते जंगलभर झालं. संध्याकाळी नरहरशेठ सोनं द्यायला आला. आपट्याचं पान कालिंदीच्या हातात ठेवून म्हणाला, "अभिनंदन वहिनी. झाड माझं."

"अहो, मी नुसता अडकवला होता."

"नारळ?"

कालिंदीने हातातली करवंटी पाठीमागे लपवली.

पुढचे महिने वाईट गेले. कालिंदी रोज केबिनमध्ये जाऊन बसायची आणि स्टेअरिंगवर डोकं टेकून रडायची. डोक्यावर आईचं झाड, आणि ते आपलं नाही. मिस्त्री अधूनमधून यायचा, एखादा नट काढून न्यायचा, 'होऊन जाईल' म्हणायचा. ट्रक होता त्यापेक्षा कमी होत चालला होता.

एकदा ती अशीच रडत होती. क्लीनरच्या बाजूचं दार करकरलं आणि वामनराव आत येऊन बसले.

"कुठे जायचंय?" त्यांनी विचारलं.

"कुठेच नाही."

"मग बसतो," वामनराव म्हणाले. आणि बसले. अंधार पडेपर्यंत दोघं समोरच्या न हलणाऱ्या झाडांकडे बघत राहिले.

फाल्गुन सरत आला. नरहरशेठ टोपल्या घेऊन हजर झाला. मोह फुलला होता, असा की फांद्या वाकल्या होत्या. पहाटे पहिलं फूल गळलं.

टप्.

ते मातीत पडलं नाही. पत्र्यावर वाजलं.

मग दुसरं. मग तिसरं. मग पाऊस पडावा तशी फुलं ट्रकच्या हौद्यात पडायला लागली. ओढ्याकडची ओढ्यात जात होती आणि अलीकडची सगळी ट्रकमध्ये. बाजूला घरंगळलेली मूठभर फुलं तेवढी नरहरशेठच्या टोपलीत आली.

कुणी काही योजलं नव्हतं. सपाट जागा तेवढीच होती, एवढंच.

"ती फुलं माझी," नरहरशेठ ओरडला. "झाड माझं, जमीन माझी."

कालिंदी गोंधळून वामनरावांकडे बघायला लागली. वामनरावांनी तोंडातलं फूल आधी नीट खाल्लं.

"भेकराचं काय ठरलं होतं?" ते म्हणाले.

नरहरशेठचं तोंड उघडंच राहिलं. त्यातही एक फूल पडलं, ते मात्र त्याचं होतं.

"बरं," तो सावरून म्हणाला, "मग माझ्या जमिनीवरून गाडी काढा."

आता कालिंदीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"काढतेच आहे की," ती म्हणाली. "मिस्त्रींना सांगितलंय. होऊन जाईल म्हणालेत."

"आत्ता काढा."

"मग तुम्हीच काढा ना. फक्त बॅटरी उतरलीय. एक धक्का दिला की सुटलाच."

नरहरशेठने धक्का दिला. ट्रक सोडून बाकी सगळं हललं. तो गव्यांकडे धावला. गवे रवंथ करत म्हणाले, "आमच्यात एकदा ढकललेलं परत ढकलत नाहीत. चांगलं नसतं." मग तो मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीने त्याच्याकडून आगाऊ कंदमुळं घेतली, ट्रकखाली शिरला आणि आडवा झाला.

तेव्हापासून नरहरशेठ त्या ट्रकला चिकटला तो चिकटलाच. स्वतःच्या खर्चाने सामान शोधतोय. माकडांशेजारी बसून व्हिडिओ बघतोय. ज्या दिवशी ट्रक हलेल, त्या दिवशी झाड खरंखुरं त्याचं होईल. परवा तर पत्रा घासता घासता तो घोरपडवहिनीला म्हणाला, "मूळची बॉडी आहे. अशी गाडी मी विकायलाच नको होती."

फुलांचा वास घाटापलीकडे गेला आणि कालिंदीची बहीण आली. चालत आली. तिला ट्रक लागला नाही. दोघी हौद्यात बसून पोटभर खात होत्या, मनसोक्त बोलत होत्या.

"मला आतून वाटतच होतं," कालिंदी बहिणीला म्हणाली, "हा ट्रक शुभ आहे. काय हो?"

"हो," खालून वामनराव म्हणाले. "तू आत बसून रडायचीस, तेव्हाच मला कळलं होतं."

तात्पर्य: मूर्खपणा करायचाच असेल तर चांगला वजनदार करावा. हलका मूर्खपणा कुणीही उचलून नेतं. आणि केलेला मूर्खपणा दुरुस्त करायच्या भानगडीत तर मुळीच पडू नये. कुणी सांगावं, त्यातच पुढचं शहाणपण असेल.

हे तात्पर्य मी आमच्या ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. वर विचारलं, "म्हणजे घरघंटी ठेवायचीच ना आपण?"

त्यांनी पेपर खाली केला नाही. म्हणाले, "ठेवायचं काय त्यात. उचलतंय कोण."