झाकल्याशिवाय बोर्ड सोडायचा नाही

सोमवारी सकाळी त्रिवेणीबाईंनी कंप्युटरला 'हो' म्हटलं आणि तिथून घराची घडी विसकटली.

म्हटलं नसतं तरी चाललं असतं. पडद्याच्या कोपऱ्यात आठ दिवसांपासून एक चौकोन यायचा, 'लिनक्सची नवी आवृत्ती आली आहे, घ्यायची का?' पण बाईंनी एकतीस वर्षं परभणीच्या टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर म्हणून काढलेली. समोर दिवा लागला की कॉल घ्यायचा, ही हाताची सवय. एखादा दिवा आठ दिवस लुकलुकत राहावा आणि आपण नुसतं बघत बसावं, हे त्यांच्याच्यानं होईना. पुण्याच्या भाचीनं, प्रियांकानं, कंप्युटरात विंडोजच्या जागी लिनक्स घालून देताना बजावलं होतं, "आत्या, त्यानं काही विचारलं तर आधी मला फोन कर." बाईंनी फोन केला, पण 'हो' दाबून झाल्यावर.

पाऊण तास एक निळी पट्टी सरकत राहिली. मग पडदा उजळला आणि बाई बघतच राहिल्या. नव्या सुनेनं स्वयंपाकघर लावावं तसं झालं होतं. सगळं होतं, पण जागेवर काहीच नव्हतं. शिवाय टेबलाखालच्या सीपीयूच्या डब्यातून पंख्याचा असा घोंघाट सुरू झाला की दिवाणावर पडलेले यजमान, भीमाशंकरराव, उठून बसले.

"अगं, विमान उतरायलंय का घरात?"

"नवीन आहे ते. रुळेल दोन दिवसांत."

"जुन्याला काय धाड भरली होती? चांगलं चाललं होतं की! खामखा कशाला नवं घेतलंस?"

 बाईंनी कपाटातून जुनी रजई काढली, आईनं दिलेली, दुहेरी कापसाची, आणि डब्यावर नीट चारही बाजूंनी सोडली. आवाज निम्म्यानं उतरला. एरवी त्या रोज संध्याकाळी काम संपलं की डब्यावर एक पातळ कापड टाकत. एक्स्चेंजात त्यांच्या वरिष्ठ होत्या गौराबाई. त्यांचा दंडकच होता, "झाकल्याशिवाय बोर्ड सोडायचा नाही. यंत्राचा वैरी एकच, धूळ." आठ तासांची पाळी उभ्यानं काढून घरी निघालेल्या पोरींना गौराबाई फाटकापासून परत बोलवायच्या, कापडाचा एक कोपरा दुमडला म्हणून. त्या धाकातली त्रिवेणी आज एकाहत्तर वर्षांची होती, तरी उघडं यंत्र दिसलं की तिची मान आपोआप मागं वळायची, गौराबाई बघतायत का म्हणून.

आणि कंप्युटरवरचं कामही गौराबाईंचंच होतं. एक्स्चेंजातल्या अकरा जणींच्या आठवणींचं एक छोटं पुस्तक बाई दहा महिन्यांपासून करत होत्या. दहा जणींचं टाइप झालं होतं. अकरावी आठवण गौराबाईंची. त्या आता पेडगावला मुलाकडे असत. वय सत्त्याऐंशी. आठवण त्यांनी फोनवर सांगितली होती आणि शेवटी म्हणाल्या होत्या, "अक्षर मोठं ठेव गं. डाव्या डोळ्यानं अजून थोडं दिसायलंय, तवर वाचून घेते." रविवारी सगळ्या जणी पेडगावला जमणार होत्या. छापखान्यानं सांगून ठेवलं होतं की शनिवारी दुपारी बारापर्यंत फाईल आली तर रविवारी सकाळी पुस्तक, नाहीतर पुढच्या महिन्यात. सत्त्याऐंशी वर्षांच्या डोळ्याला पुढचा महिना कोणी बघितलाय?

मंगळवारी सकाळी बाईंनी लिहायला घेतलं. 'ती पाळी मला अजून आठवते,' इथवर आलं आणि पडदा थिजला. बाण हलेना, अक्षर उमटेना. घड्याळातला सेकंदसुद्धा जागेवर उभा. बाईंनी अशी गोष्ट जन्मात पाहिली नव्हती. एक्स्चेंजातलं मोठ्यात मोठं बिघडलेलं यंत्रही निदान खरखर करायचं. हे तर डोळे उघडे ठेवून गेलेलं!

बटण दाबून बंद केलं, चालू केलं. वीस मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर पडदा एकदम काळा झाला आणि गौराबाईंचं दीड पान घेऊन गेला.

"म्हटलं नव्हतं मी?" दिवाणावरून आवाज आला.

संध्याकाळच्या जेवणात मात्र भीमाशंकररावांचा सूर वेगळा होता. परभणीच्या थंडीत दही लागत नाही, हे त्यांचं दर पौषातलं दुःख. आज वाटी उलटी केली तरी दही हललं नाही. स्वयंपाकाच्या बायनाबाईंना त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच गाठलं.

"बायनाबाई, काय जादू केली? सुरीनं कापावं असं दही!"

"जादू कसली दादा," बायनाबाई पदराआड हसल्या. "जागा बदलली फकस्त."

बुधवारी प्रियांकानं फोनवरून इलाज सुरू केला.

"आत्या, आज्ञा टाइप करायची ती काळी खिडकी उघड. मी सांगते ते अक्षर न् अक्षर टाइप कर."

"सांग. एस?"

"एस."

"एस फॉर सोलापूर. पुढं?"

"आत्या, एवढं उलटून सांगायची गरज नाही."

"गरज आहे. एकदा असंच उलटून सांगितलं नव्हतं, तर गंगाखेडची वरात जिंतूरला जाऊन थांबली होती. तू बोल."

अशी दीड तास सोलापूर, उदगीर, दौंड करत दोघींनी काळी खिडकी भरून काढली. मग प्रियांकानं सांगितलं, चालू होताना एक कळ धरून ठेव, लिनक्सचा जुना गाभा, सोमवारच्या आधीचा, निवडता येतो, त्यावर चालव. बाईंनी कळ धरली, यादीतला जुना निवडला. देवाचं नाव घेऊन लिहायला बसल्या. पंचवीस मिनिटं चाललं आणि सव्वा पानावर पुन्हा थिजलं. नवं मेलं तर मेलं, पण जुनंही त्याच वाटेनं जावं? 

भीमाशंकरराव आतून भस्माची वडी घेऊन आले आणि पडद्याच्या चौकटीवर तीन बोटं ओढली.

"अहो, हे काय?"

"तू सगळं करून बघितलंस ना? आता हे बी होऊ दे."

गुरुवारी सकाळी दुकानातून शिवप्रकाश आला. कंप्युटरची बॅग खांद्याला, चाळिशीचा, कामाचा माणूस. तो दारात बूट काढतो न काढतो तोच बायनाबाई लगबगीनं म्हणाल्या, "थांबा बाई, पाव्हणा खाली बसायचाय. आधी मागनं झाडून घेते." टेबलाखाली शिरल्या आणि पदराखाली काहीतरी घेऊन बाहेर आल्या. केर असेल, असं बाईंना वाटलं. कोणाला दाखवण्यासारखा केर नसतोच. बाईंनीही रजई काढून, घडी करून दिवाणावर ठेवली. पाहुण्यासमोर यंत्र गुंडाळलेलं बरं दिसत नाही.

शिवप्रकाशनं डबा उघडला, मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबरानं घासल्या, परत बसवल्या. मग कंप्युटर चालू करून, चहा घेत, दोन तास समोर बसला. एकाच वेळी चार खिडक्या उघडल्या, गाणी लावली. यंत्र हरणासारखं पळत होतं.

"काकू, काय झालंय ह्याला? ठणठणीत हाय की!"

"अरे, देवाशपथ सांगते, वीस मिनिटांच्या वर जात नाही."

"तुमच्यासमोर रुसत आसंल," तो हसत म्हणाला आणि गेला.

तो गल्लीच्या टोकाला पोहोचायच्या आत बाईंनी रजई घातली. बायनाबाईंनी पुन्हा एकदा मागून 'झाडून घेतलं'. बाईंनी लिहायला घेतलं आणि अठराव्या मिनिटाला पडदा थिजला.

बाई खुर्चीत तशाच बसून राहिल्या. डॉक्टर आला की ताप उतरावा आणि डॉक्टर गेला की चढावा, असा रोगी त्यांनी माणसांत पाहिला होता, त्यांच्या धाकट्या नणंदेत. पण यंत्रानंही सोंग करावं?

शुक्रवारी साडेचारला शिवप्रकाश पुन्हा आला. बायनाबाई त्याआधीच आपलं काम उरकून गेल्या होत्या. बाईंनी रजई काढली, त्यानं बोर्डाची अर्थिंग तपासली, वायर बदलली, तास बसला. कंप्युटर शहाण्या बाळासारखा. आता त्याच्याही तोंडावरचं हसू मावळलं.

"काकू, राग मानू नका. तुमी चालवताना कळा लय जोरात दाबायलाय का?"

"मी? एकतीस वर्षं कळाच दाबल्यात मी!"

"तसं न्हाई हो... मग एक करा. हे हाय तेवढं पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवतो. दहा जणींचं छापा."

"आणि गौराबाई?"

तो बॅगेत वायरी भरू लागला. भीमाशंकरराव दह्याची वाटी हातात घेऊन दारात उभे होते. "एक वस्तू ह्या घरात नीट लागायलीय, ती म्हणजे दही," ते म्हणाले. "बाकी सगळं हँग."

शनिवार उजाडला. बारा वाजायला चार तास. नऊ वाजता पडदा काळा झाला तेव्हा बाईंनी तो पुन्हा चालू केला, काळी खिडकी उघडली, प्रियांकानं सांगितलेली ओळ टाइप केली आणि जे उमटलं त्याचा फोटो तिला पाठवला. मिनिटभरात फोन.

"आत्या, यात लिहिलंय की आतलं तापमान शंभर डिग्रीला गेलं, म्हणून त्यानं स्वतःहून बंद केलं."

"शंभर?" बाईंनी टेबल धरलं. "अगं, शंभराला पाणी उकळतं!"

"तेच ना. नवी आवृत्ती जरा जास्त राबवते त्याला, पण इतकं नाही. हवा मिळत नसेल. मागं भिंत आहे?"

"वीतभर जागा सोडलीय."

"मग धूळ बसली असेल पंख्यात."

"कण नाही धुळीचा!" बाईंच्या आवाजात एक्स्चेंजातला करारीपणा आला. "रजई घातलीय मी त्याला. चोवीस तास."

पलीकडे काहीच नाही.

"हॅलो? हॅलो, पुणे? लाइन आहे का?"

"आत्या," प्रियांका अगदी हळू म्हणाली, "काय घातलंय?"

"रजई. दुहेरी कापसाची."

"चालू असताना?"

बाईंनी टेबलाखाली बघितलं. रजईतला तो डबा जन्मात पहिल्यांदाच त्यांना डब्यासारखा दिसला नाही. तापानं फणफणलेलं, तोंडावर पांघरूण ओढून निजवलेलं लेकरू दिसलं. त्यांनी खाली बसून रजई ओढून काढली. गरम वाफ अंगावर आली. आणि डब्याच्या मागं, जिथून पंख्याची हवा बाहेर पडायची त्या जाळीला अगदी पोटाशी लावून, ताटली झाकलेलं एक पितळी पातेलं होतं.

"अगं बाई!"

"बाई, हलवू नका!" स्वयंपाकघरातून बायनाबाई धावत आल्या. "मोडंल! आत्ताच विरजलंय!"

"काय विरजलंय?"

"दही." बायनाबाईंनी पातेलं छातीशी धरलं. "मंगळवारी झाडताना हात लागला तर मागं नुसती भट्टी! म्हटलं ऊब वाया काऊन घालावी? नऊला लावते, चारला काढते. दादा केवढे खूश हायेत बघा की."

  भीमाशंकरराव दारात येऊन उभे राहिले, एकदा पातेल्याकडे, एकदा कंप्युटरकडे बघितलं, आणि आल्या पावली दिवाणावर जाऊन पडले.

मग मात्र बाईंनी वेळ घालवला नाही. रजई बाजूला, पातेलं ओट्यावर, खिडकी सताड उघडी. थंडगार वारा सरळ डब्यावर. अंगाभोवती शाल गुंडाळून त्या बसल्या आणि लिहीत सुटल्या. पेडगावचा एक बाप एक्स्चेंजात धावत आला होता, त्याच्या नगरला शिकणाऱ्या पोराची आई शेवटच्या घटका मोजत होती, आणि लाइन मिळेना म्हणून गौराबाईंनी चार एक्स्चेंजांच्या पोरींना एकामागून एक विनवत, पाळी संपल्यावरही दोन तास उभं राहून, पोराचा आवाज घराशेजारच्या दुकानातल्या फोनवर, खाटेसकट तिथं आणलेल्या आईच्या कानापर्यंत पोहोचवला होता. कितीदा तरी अर्ध्यात मेलेली ती आठवण या वेळी शेवटापर्यंत गेली. बारा वाजायला सात मिनिटं असताना फाईल छापखान्यात पोहोचली.

रविवारी पेडगावच्या अंगणात गौराबाईंनी पुस्तक डाव्या डोळ्याजवळ नेलं, आपलं पान काढलं, बोट ठेवत ठेवत पूर्ण वाचलं.  वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं, पदरानं पुसलं आणि मान वर केली.

"त्रिवेणी."

"हो बाई."

"यंत्र झाकून आलीस ना?"

एकाहत्तर वर्षांच्या त्रिवेणीबाईंनी पदर सावरला. "हो बाई," त्या म्हणाल्या. पुस्तकातलं सगळं खरं होतं, हे एक खोटं तेवढं पुस्तकाबाहेर राहिलं.

सोमवारी कंप्युटर सकाळपासून चालू होता. एकदाही थिजला नाही. संध्याकाळी भीमाशंकररावांनी वाटी उचलली, वाकडी केली, आणि दही ताकासारखं भाकरीखालून वाहत गेलं.  तसेच जेवले, हात धुतले.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता बाई पेपर वाचत होत्या. भीमाशंकरराव समोर येऊन उभे राहिले. काखेत घडी केलेली रजई होती, आणि मागं पातेलं घेऊन बायनाबाई.

"पुस्तक तर झालं ना गं तुझं?" त्यांनी विचारलं.

"झालं की."

"मग आता," त्यांनी रजईची घडी मोडली, "झाला हँग तर होऊ दे की जरा."