नियम नऊ आणि आधारनाना

आमच्या शेजारचे आधारनाना 'मी' म्हणत नाहीत. नम्रपणा वगैरे अजिबात नाही हं, गैरसमज नको. तो शब्दच त्यांच्या तोंडात नाही. आम्ही धुळ्याच्या देवपुरातल्या या कॉलनीत राहायला आलो त्याच संध्याकाळी दार वाजलं. मी आतून विचारलं, "कोण?" बाहेरून खणखणीत आवाज आला, "शेजारचा सदस्य."

झालं! मला वाटलं, आल्या आल्या सोसायटीच्या मिटिंगचं बोलावणं. दार उघडलं तर समोर इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि हातात झाकण घातलेली वाटी.

"या सदस्याच्या घरी आज भरीत झालं आहे. तिखट आहे, याची नोंद घ्यावी."

नोंद कसली घेता, डोळ्यांतून पाणी आलं.

शेअर रिक्षात बसून नाना म्हणायचे, "हा सदस्य दत्त मंदिराला उतरेल." रिक्षावाला मागे वळून म्हणायचा, "बाबा, तो दुसरा कुठाय? बोलवा लवकर, गाडी भरली." एकदा गुडघा दाखवायला गेले. डॉक्टर नवीन होता. "या सदस्याचा गुडघा दुखतो" हे ऐकून तो म्हणाला, "मग पेशंटला आत पाठवा ना, तुम्ही बाहेर थांबा." नाना बाहेर आले, दोन मिनिटं बाकावर बसले आणि पुन्हा आत गेले. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, कारण माझा नंबर त्यांच्यानंतर होता.

नाना आमच्याच कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. मी कॉमर्स शिकवते. पोरं त्यांना मागे 'आधार लिंक' म्हणायची, पण समोर आले की पहिली कॉलर नीट करायची. याचं कारण आमची विद्यार्थी प्रतिनिधी परिषद. धुळे आणि जळगाव, दोन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं येतात. प्रत्येक पोराला कुणाची तरी बाजू दिलेली असते, कुणी शिक्षण खातं, कुणी शेतकरी संघ, कुणी ग्रामपंचायती, आणि त्या बाजूने दिवसभर वाद घालायचा. शेवटी उत्कृष्ट प्रतिनिधीची फिरती ढाल. या परिषदेची 'आचारसंहिता व पारितोषिक निकष' नावाची गुलाबी पुस्तिका नानांनी लिहिली. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी त्यांनाच बोलवावं लागायचं, कारण ती पुस्तिका दुसऱ्या कुणाला कळत नव्हती.

आणि कळणार कशी? नियम चौदा: 'उपहासात्मक खोकला हा व्यत्यय समजला जाईल. नैसर्गिक खोकला क्षम्य.' स्टाफरूममध्ये कुणी ठसकलं की नाना चष्म्यावरून बघत विचारायचे, "नैसर्गिक का?" प्राचार्यांनासुद्धा विचारलंय. नियम सतरा: 'वक्त्याच्या उच्चारावर हसल्यास हसणाऱ्या संघाचे तीन गुण वजा.' हसणारा एकटा असला तरी शिक्षा अख्ख्या संघाला. आणि सगळ्यांत वरचढ नियम नऊ: 'प्रतिनिधीने भाषणात 'मी' हे सर्वनाम अथवा त्याची कोणतीही रूपे वापरू नयेत. प्रथम वापरास घंटा, द्वितीय वापरास दोन गुण वजा, तृतीय वापरास पारितोषिकास अपात्र.' हा नियम मोडतो किती वेळा, ते मोजायचं काम माझ्याकडे. मी गुणलेखक. पोरं बोलतायत काय, ते मला दहा वर्षांत कधी कळलंच नाही. मी आपली मान खाली घालून 'मी' मोजत बसायची.

"नाना, हे जरा अतीच नाही का?" असं मी एकदा विचारलं होतं.

"मुद्द्यावर या, मॅडम. प्रतिनिधी दुसऱ्याचं बोलायला आलेला असतो. 'मी' म्हटलं की माणूस रडायला तरी लागतो, नाहीतर भांडायला."

मी मनात म्हटलं, हा माणूस म्हणजे डोक्याला ताप आहे. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला त्यांचा राग यायचा.

खरी गोष्ट कळली ती कमलअक्कांकडून. अक्का म्हणजे नानांच्या मिसेस. ठेंगणी, हसरी बाई, आणि बोलणं सगळं अहिराणी. नाना घरातसुद्धा छापील मराठी बोलायचे आणि अक्का त्यांना चिडवायच्या. कुणी नानांना विचारायला आलं की म्हणायच्या, "आमना सदस्य बजारमा गयात." एकदा तूर निवडता निवडता त्यांनी सांगितलं. लग्नाला वर्ष झालं होतं. नाना सोनगीरजवळच्या खेड्यातून कॉलेजला जायचे. जळगावला मोठी वादविवाद स्पर्धा होती. नाना उभे राहिले, जोरात म्हणाले, "मी म्हनस..." आणि अख्खा हॉल हसला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा जिभेवर तेच आलं. मागच्या बाकांवरून पोरं ओरडायला लागली, "म्हनस! म्हनस!" कुणी खोकत होतं, कुणी बाक वाजवत होतं. नाना खाली उतरले ते थेट बसस्टँडवर गेले.

"दोन दिन जेवनात नही," अक्का म्हणाल्या. आणि मग नानांनी शोध लावला. 'मी' म्हटलं की पुढे आपोआप 'म्हनस' येतं, 'करस' येतं, 'शे' येतं. 'हा सदस्य' म्हटलं की पुढे 'म्हणतो', 'करतो', 'आहे' येतं. म्हणजे खोट 'मी'मध्ये आहे! त्या दिवशी त्यांनी तो शब्द टाकला तो टाकलाच.

मी घरी येऊन गुलाबी पुस्तिका पुन्हा वाचली. खोकला, हसणं, बाक वाजवणं, सगळं त्यात होतं. ज्याला मी विक्षिप्तपणा समजत होते ती एका पोराला बसलेल्या माराची यादी होती. पुढच्या कुठल्या पोराला तो मार बसू नये म्हणून केलेली. मला स्वतःची लाज वाटली.

अक्कांची ती शेवटची धडधाकट गोष्ट म्हणायची. वर्षभरात त्या विसरायला लागल्या. आधी मीठ, मग वार, मग माणसं. मूलबाळ नाही. नाना बाहेर गेले की माझ्या सासूबाई त्यांच्याजवळ बसायच्या. दुपारी नाना परत आले की भिंतीपलीकडून ऐकू यायचं, "कोन शे?" मग "सदस्य", मग कडी. पुढेपुढे 'सदस्य' दोनदा म्हणावं लागे, तीनदा म्हणावं लागे. सासूबाई म्हणायच्या, "अगं, एक दिवस ही बाई त्यांना ओळखायची नाही आणि ते बाहेरच राहतील." नानांनाही तेच भय होतं. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण कुठेही गेले तरी घड्याळ बघत राहायचे.

यंदाची परिषद तशातच झाली. विषय होता, कमी पटाच्या शाळा बंद कराव्यात की नाही. शिंदखेड्याकडून प्रज्ञा नावाची एक मुलगी आली होती, तिच्याकडे ग्रामपंचायतींची बाजू. अंतिम फेरीपर्यंत ती सगळ्यांच्या पुढे होती. शेवटच्या भाषणात ती म्हणाली, "शाळा बंद झाली तेव्हा मी चौथीत होते."

टण्ण. नानांनी घंटा मारली.

"बाईंनी फळा पुसला आणि खडूचा डबा मला दिला."

मी दोन गुण कापले.

ती थांबली. नानांकडे बघत शांतपणे म्हणाली, "तो डबा अजून माझ्याकडे आहे, सर."

पहिल्यांदाच मी मान वर करून भाषण ऐकलं होतं. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. दोन गुण कापूनही ढाल तिचीच होती. नानांनी कागद ओढला आणि तिच्या नावापुढे लिहिलं, 'अपात्र'. खाली सही करायला पेन उचललं आणि तसंच धरून बसले. "चहानंतर," म्हणाले. चार वाजता बक्षीस समारंभ होता.

चहाच्या वेळी ती मुलगी आली. "सर, नियम वाचूनच आले होते. तक्रार नाही. एक विचारू? घरी गेल्यावर दार वाजवलं आणि आतून 'कोण' म्हणाले, तर तुम्ही काय म्हणता?"

"सदस्य."

"आणि उघडतात?"

तिला बिचारीला काय ठाऊक! नाना नेहमीसारखं "मुद्द्यावर या" म्हणतील असं मला वाटलं. पण नाही. त्यांनी भरलेला कप टेबलावर ठेवून दिला. आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. सासूबाई होत्या.

"अगं, अक्कांनी मला बाहेर काढलंय. कडी लावून घेतलीय, मागचं दारही बंद. आणि गॅसवर दूध आहे!"

निकालाचा कागद पर्समध्ये कोंबला, नानांना स्कूटीवर मागे बसवलं आणि सुटले. पाच मिनिटांचा रस्ता, पण संपता संपेना. कॉलनीत शिरलो तर करपलेल्या दुधाचा वास फाटकापर्यंत आलेला.

नानांनी दार ठोठावलं.

"कोन शे?"

"हा सदस्य."

"आठे कोनी सदस्य ऱ्हात नही."

"कमल, सदस्य आला आहे. दार उघडावे."

"जाय बरं आठून!" आतून अक्कांचा आवाज कापत होता. त्या घाबरल्या होत्या. "मन्हा मालक घर नही. त्या जयगावले गयात, भाषनले. त्या येतीन तव्हय उघाडसू."

नानांचा हात दारावर तसाच राहिला. अहो, जयगाव म्हणजे जळगाव, चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वीची ती दुपार! बाई त्या दुपारी जाऊन बसली होती, आणि वाट बघत होती ती ज्या पोराची, तो 'सदस्य' नव्हताच. सासूबाई म्हणाल्या, "खिडकीची काच फोडा." नानांनी मान हलवली. त्यांनी दाराला कपाळ टेकलं.

"मी," ते म्हणाले.

इतका बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"मी कोन?"

"मी शे ना, कमल. मी उनू जयगावथून."

कडी वाजली. दार उघडलं. मी अक्कांच्या अंगावरूनच आत धावले आणि गॅस बंद केला. पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं. परत आले तर अक्का नानांच्या शर्टाची बाही धरून उभ्या होत्या.

"इतला येळ कोठे व्हतात? भाषन कसं व्हयनं?"

"बेस व्हयनं."

"कोनी हासनं नही ना?"

"नही," नाना म्हणाले. "कोनीच नही."

मी पदराने डोळे पुसले. सासूबाईही रडत होत्या. नानांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, किती झाले?"

दहा वर्षांची सवय हो, मोजलेच होते. "तीन," मी म्हणाले.

"मग कागद आणा." एक बाही अक्कांच्या हातात, कागद मी दाराच्या फळीवरच धरला, दुसऱ्या हाताने त्यांनी 'अपात्र' शब्दावर काट मारली आणि सही केली. पुस्तिका मागितली, नियम नऊवरही काट मारली. मी चारला परत हॉलवर पोहोचले. ढाल प्रज्ञाला मिळाली. नानांचे आभार मानायला तिने त्यांना सगळीकडे शोधलं. ते घरी गेले, एवढंच मी सांगितलं.

नानांनी त्यानंतर परिषद सोडली. मागच्या दाराची एक किल्ली आता माझ्याकडे असते. सासूबाईंनी पुढच्या दाराची कडीच काढून टाकायला सांगितली, तर नाना म्हणाले, "कडी काढली तर ती 'कोन शे' कशाला विचारेल?"

आता ते दिवसातून चार-पाच वेळा उगीचच बाहेर पडतात. फाटकापर्यंत जातात, कुठे म्हणून कुठे नाही, आणि परत येऊन दार वाजवतात. मी भाजी चिरत असते, पेपर तपासत असते, आणि हातातलं काम थांबतं. "कोन शे?" "मी." सुरुवातीला एकात उघडायच्या. दिवाळीपर्यंत दोन लागायला लागले. रविवारी तीन लागले, आणि मला उगीच ती घंटा आठवली.

काल पाच झाले. मग कडी वाजली.