पाठकोरं वेळापत्रक

"टूर कंपनी म्हणजे काय हो? आपल्याला हाकायला ठेवलेला परका माणूस," श्याम आठल्ये म्हणाले. "घरात माणूस असताना बाहेरचा कशाला?"

हे विधान शनिवार पेठेतल्या त्यांच्या राहत्या फ्लॅटमध्ये, एका रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी करण्यात आलं. ऐकणारे पाच होते. पत्नी सुनीती, मुलगी तनया, जावई तेजस, आणि वाघोलीहून मुद्दाम आलेले व्याही-विहीण हिंमतराव आणि गोदाबाई. सहाही जणांनी मार्चमध्ये बाली बेटावर जायचं ठरलं होतं. हिंमतरावांच्या खिशात एका टूर कंपनीचं पत्रक होतं. ते त्यांनी खिशातच राहू दिलं.

श्यामरावांचा अधिकारच तसा होता. शाळेत पर्यवेक्षक असताना एकतीस वर्षं त्यांनी वेळापत्रक बनवलं. बत्तीस तुकड्या, अठ्ठेचाळीस शिक्षक, आणि एकतीस वर्षांत एकाही वर्गाला मोकळा तास नाही. डोळे येण्याच्या साथीत एकदा सात शिक्षक एकाच दिवशी घरी बसले, तेव्हा त्यांनी संपत शिपायाला सातवी 'ब'वर पाठवलं होतं. विषय होता, 'घंटा: वाजवण्याची योग्य पद्धत'. मुलं अजून भेटली की त्याच तासाची आठवण काढतात.

त्यांची दुसरी ख्याती म्हणजे पाठकोरे कागद. एका बाजूला छापलेला आणि दुसऱ्या बाजूला कोरा असा कुठलाही कागद श्यामराव टाकू देत नसत. वीजबिल, लग्नपत्रिका, औषधांची माहितीपत्रकं, सगळं एका फायलीत जमा होई. तनयाच्या लग्नाची आमंत्रणयादी एका अनोळखी माणसाच्या मुंजीच्या पत्रिकेमागे लिहिली होती. "कागदाला बाजू दोन असतात," ते म्हणत. "एकच वापरणारा माणूस अर्धा अडाणी."

सहलीचं वेळापत्रक अर्थातच पाठकोऱ्यावर तयार झालं. पाच दिवस, पंचावन्न नोंदी.

"शेवटचा दिवस पाडवा," श्यामराव म्हणाले. "साडेतीन मुहूर्तांपैकी एक. या दिवशी काहीही करायला घ्या, कॅलेंडर बघावं लागत नाही. म्हणून महत्त्वाचं सगळं त्या दिवशी ठेवलंय."

आणि कॅलेंडर बघावं लागत नाही म्हणून त्यांनी ते बघितलं नाही. आपलंही नाही आणि बालीचंही नाही.

"समुद्रातलं देऊळ कवा हाय?" गोदाबाईंनी विचारलं. त्यांचा सगळ्या सहलीत एवढाच एक प्रश्न होता. तेजसच्या खराडीच्या ऑफिसातून आलेल्या कॅलेंडरवर मार्चच्या पानावर त्या देवळाचा फोटो होता. लाटांमध्ये काळा खडक आणि खडकावर देऊळ. तो बघून त्या म्हणाल्या होत्या, एकदा जाऊन हिची वटी भरीन. आत देव आहे की देवी, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि नारळ यांची पिशवी मात्र तेव्हापासून बांधून तयार होती.

"पाडव्याला, नऊ वीस ते दहा पाच," श्यामराव म्हणाले. "विहीणबाई, हा माझा शब्द."

बालीत पहिले चार दिवस गाडं धनुष्यातून सुटलेल्या बाणासारखं गेलं. वेळापत्रकात 'समुद्र (पाय भिजवणे): ९.०५ ते ९.४०' अशी नोंद होती आणि तिच्याखाली 'वाळू झटकणे: ९.४० ते ९.५०'. देवळात शिरण्याआधी कमरेला लुंगीसारखं वस्त्र गुंडाळावं लागे. त्याची चार मिनिटं धरलेली होती, हिंमतरावांना सहा लागली, वरची दोन त्यांच्या नारळपाण्याच्या वेळेतून वळती झाली.

डोंगरउतारावरच्या भातखाचरांपाशी हिंमतराव बांधावर टेकले. एका खाचरातून दुसऱ्यात पाणी कसं सोडलंय, ते त्यांना डोळे भरून बघायचं होतं.

"उठा, हिंमतराव. भातशेती संपली."

"सर, जरा बसू द्या की. आत्ता तर टेकलो."

"बसणं पाडव्याला आहे. चार दहाला."

हिंमतराव उठले. व्याह्याला नाही म्हणायचं नसतं.

गाडीच्या ड्रायव्हरचं नाव व्हायान. तिसऱ्या दिवशी श्यामरावांनी त्याला पाडव्याच्या अकरा नोंदी इंग्रजीतून वाचून दाखवल्या. व्हायान पोट धरून हसला. श्यामरावांना बरं वाटलं. इतकं भरगच्च वेळापत्रक त्या गरिबानं कुठे बघितलं असणार?

हॉटेलची मात्र एक गोष्ट त्यांना फार आवडली. रोज संध्याकाळी खोलीच्या दाराखालून एक कागद आत सरकवलेला असे. जाड, गुळगुळीत आणि एका बाजूनं पूर्ण कोरा.

"काय लिहिलंय त्यावर?" सुनीतीबाईंनी विचारलं.

"जाहिरात असणार. मालिश, नाहीतर मासे," श्यामराव म्हणाले आणि मागच्या बाजूवर रेघा आखू लागले. तीन दिवसांत तीन कागद आले. तिन्हींवर पाडव्याच्या वेळापत्रकाच्या तीन सुधारित आवृत्त्या तयार झाल्या. खाली त्यांनी सवयीनं लिहिलं, 'मंजूर. श्या. ग. आठल्ये.'

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी तर गावात मिरवणूक निघाली. दुमजली घराएवढे राक्षसांचे पुतळे, बांबूच्या तराफ्यांवर, खाली खांदे देणारी पन्नास-पन्नास पोरं, आणि झांजांचा असा गजर की हिंमतराव नाचायला उतरले.

"सर, हे तर आपलं विसर्जनच की! पार लक्ष्मी रोड हाय ह्यो."

श्यामरावांनी शांतपणे निष्कर्ष काढला. आदल्या दिवशी एवढी धमाल, तर प्रत्यक्ष सणाला केवढी गर्दी लोटेल? त्यांनी प्रस्थान पाऊण तासानं अलीकडे घेतलं.

पाडव्याला सहा वीसला सूर्योदय होता. गच्चीवर गुढी उभी राहिली. विमानात काठी आणता येत नाही, म्हणून तेजसची सेल्फी स्टिक पूर्ण लांब केली होती. तिला गोदाबाईंचा जादाचा खण, साखरेची गाठी, तनयानं पुण्याहून आणलेला कडुनिंबाचा डहाळा आणि वर पालथा तांब्या. तांब्याच्या वजनानं काठी मधूनच एक टप्पा आत जाई आणि गुढी वीतभर बुटकी होई. तेजस ती पुन्हा ओढून लांब करी.

सहा तीसला सहाही जण खाली आले. गोदाबाई नव्या इरकलीत, ओटीची पिशवी छातीशी धरून. खाली दिवे बंद होते. फाटक बंद होतं. व्हायान नव्हता. बाहेरच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. फक्त काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र नेसलेला एक पहारेकरी उभा होता आणि तोही नजरेनंच बोलत होता.

"गाडी उशिरा," श्यामराव म्हणाले. एवढ्या शांततेत ते वाक्य घंटेसारखं वाजलं.

आतून मॅनेजर न्योमान अनवाणी धावत आला. ओठांवर बोट होतं. तो कुजबुजला, "सर, आज न्येपी. आमचं नवीन वर्ष. सकाळी सहा ते उद्या सकाळी सहा, बाहेर कुणीच पडत नाही. गाडी नाही, दिवा नाही, आवाज नाही, मोबाईलचं इंटरनेटसुद्धा नाही. हॉटेलच्या आवारात मात्र आरामात राहा."

"आम्हाला कुणी सांगितलं नाही," श्यामरावही कुजबुजले, पण कडक कुजबुजले.

"तीन वेळा सांगितलं, सर. रोज दाराखालून."

श्यामरावांच्या हातात फाईल होती. सुनीतीबाईंनी ती हलकेच काढून घेतली, पाडव्याचं वेळापत्रक काढलं आणि कागद उलटला. मग दुसरा उलटला. मग तिसरा. पहिल्यावर सूचना साध्या अक्षरात होती, दुसऱ्यावर ठळक, तिसऱ्यावर लाल. शेवटी 'आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत', आणि नेमका त्याच्याच पाठीमागे श्यामरावांचा 'मंजूर'.

"जाहिरात," सुनीतीबाई म्हणाल्या. "मालिशची."

गोदाबाईंनी पिशवी खाली ठेवली. नारळ फरशीला टेकल्याचा आवाज झाला, तेवढाच. उद्या सकाळी नऊचं विमान होतं, आणि देऊळ गाडीनं दोन तास लांब.

श्यामरावांच्या आयुष्यात त्यांनी दिलेला शब्द कधी रद्द झाला नव्हता, फार तर तो आठव्या तासाला गेला होता. ते फाटकाशी गेले. पहारेकऱ्याला त्यांनी कुजबुजत वेळापत्रक दाखवलं. फक्त पंचेचाळीस मिनिटांचं काम आहे. पहारेकऱ्यानं नकारार्थी मान हलवली. मग वीस मिनिटं. मान. बाईंना एकटीला जाऊ द्या, मी इथे ओलीस बसतो. मान.

न्योमान त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सर, आज विमानसुद्धा उतरत नाही. तुम्ही विमानापेक्षा मोठे का?"

श्यामरावांनी वेळापत्रकाची घडी केली.

मग तो दिवस सुरू झाला. श्यामरावांनी सात चाळीसला घड्याळ बघितलं. बऱ्याच वेळानं पुन्हा बघितलं, तेव्हा सात त्रेचाळीस झाले होते. हिंमतरावांनी वेताची खुर्ची उचलून हॉटेलच्या मागच्या कुंपणाशी नेली. पलीकडे भाताचं खाचर होतं आणि त्यात बदकं. ते बसले ते बसलेच. तनया आणि तेजस वर्षभर खराडीत दोन वेगवेगळ्या पाळ्यांमध्ये एकमेकांना फ्रिजवर चिठ्ठ्या लिहून जगत होते. ते जेवणापर्यंत झाडाखाली बोलत होते. सुनीतीबाई नाश्ता करून झोपल्या आणि उठून पुन्हा झोपल्या.

दहाच्या सुमाराला पहारेकरी आत आला आणि गच्चीकडे बोट दाखवू लागला. श्यामरावांनी पाकीट चाचपलं. आता गुढीवरून दंड. न्योमाननं दोघांच्या मध्ये उभं राहून कुजबुजत चौकशी केली. श्यामरावांनी कुजबुजत सांगितलं, की हा आमचा नवीन वर्षाचा दिवस, ही आमची प्रथा. पहारेकऱ्यानं गुढीकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. त्याच क्षणी गुढी एक टप्पा आत गेली. त्यानं हात जोडले, आणि जाता जाता बांबूचा एक लांब तुकडा जिन्यापाशी ठेवून गेला.

अकरा वाजता श्यामरावांच्या लक्षात आलं, की गोदाबाई दिसत नाहीत. आणि पिशवीही.

ते शोधत मागच्या परसात गेले. तिथे न्योमानच्या घरचं छोटंसं देवघर होतं, दगडी, गवताच्या छपराचं. समोर चटईवर न्योमानची म्हातारी आई बसली होती. उपास आणि मौन धरून. तिच्यासमोर गोदाबाई.

श्यामराव मध्ये पडणार होते. परक्या माणसाचं मौन मोडणं बरं नव्हे. पण गोदाबाईही बोलत नव्हत्या. त्यांनी बोटानं म्हातारीच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं. तिचा पदरासारखा शेला ओंजळीत धरायला लावला आणि त्यात खण घातला, हळकुंड-सुपारी, नारळ, पाच मुठी तांदूळ. म्हातारी चकित होऊन बघत राहिली. मग तिनं शेजारच्या झाडाचा पांढरा चाफा तोडला आणि गोदाबाईंच्या कानावर खोचला. दोघी हसल्या. आवाज न करता हसणं दोघींनाही अवघड जात होतं.

"भरली वटी," गोदाबाई परत येताना कुजबुजल्या.

"पण विहीणबाई, त्या तर मॅनेजरच्या आई."

"व्हय. मंग?"

"देवीची भरायची होती ना? समुद्रातल्या?"

"सर, आमच्यात सवाष्णीची काय, म्हातारीची काय, बाईची वटी भरली की देवीला पोचती. समुद्रातली असू द्या न्हायतर परसातली." त्यांनी श्यामरावांकडे बघितलं. "आन् तुमी त्वांड पाडून बसू नका. तुमचा शबूद न्हाय मोडला. दीड तास उशीर झाला, एवढंच."

एकतीस वर्षांत श्यामरावांना उशिराची एवढी चांगली बातमी मिळाली नव्हती.

अंधार पडला आणि कुठेच दिवा लागला नाही. सहाही जण हिरवळीवर चटया टाकून पडले. वर आकाश असं उघडलं, की तेजसनं दोनदा विचारलं, हे रोजचंच आहे का?

"वाघोलीत हुतं पूर्वी," हिंमतराव म्हणाले. "इमारती झाल्या न् झाकून गेलं."

"अहो," सुनीतीबाई श्यामरावांच्या कानाशी कुजबुजल्या, "तुमच्या घड्याळाच्या काट्यांचा उजेड पडतोय. नियमभंग होतोय."

श्यामरावांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं. नंतर किती वाजता झोप लागली, याची नोंद नाही.

पुण्याला परतल्यावरच्या रविवारी सगळे पुन्हा शनिवार पेठेत जमले. सहलीतला सर्वांत चांगला दिवस कोणता, यावर मतदान झालं. पाच मतं पाडव्याला पडली. सहावं मत श्यामरावांचं. त्यांनी ते राखून ठेवलं.

हिंमतरावांनी खिशातून ते जुनं पत्रक काढलं. श्यामरावांचा चेहरा उतरला. पण हिंमतरावांनी पत्रक त्यांच्यापुढे पालथं ठेवलं.

"पाठकोरं हाय. पुढच्या वर्षाचं तुमीच करा, सर. फक्त समदे दिवस त्या पाडव्यावानी करा. काय म्हंजे काय करायचं न्हाय."

श्यामराव गहिवरले. आधी त्यांनी पत्रक उलटून छापील बाजू पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मग पट्टी आणि पेन घेऊन आतल्या खोलीत गेले. चाळीस मिनिटांनी बाहेर आले आणि कागद सगळ्यांसमोर ठेवला. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'दिवस पहिला: मोकळा'. त्याखाली:

'७.१५ ते ८.००: काही न करणे.
८.०० ते ९.३०: स्वस्थ बसणे (बदकांसह).
९.३० ते ९.४०: मधली सुट्टी.'